ही झोंप कीं गुंगी?

घरांतील एखाद्या वृद्ध स्त्रीचा न्हाणीघरांत पाय घसरतो, खुब्याचें हाड मोडतें, शस्त्रक्रिया होते आणि कांहीं दिवसांनीं ती घरीं परत येते. पहिल्या रात्रीं तिच्या कण्हण्यानें सारें घर जागें राहतें. मग डॉक्टरांनीं दिलेल्या वेदनाशामक गोळ्यांचा अंमल बसूं लागतो व आजीबाई शांत निजतात. दुपारीं निजतात, संध्याकाळीं निजतात. रात्रीं तर त्यांचें घोरणें माजघरापर्यंत ऐकूं येतें. “बरें झालें, बिचारीचा डोळ्यास डोळा तरी लागला,” असें म्हणून मंडळी निश्चिंत होतात. आणि गोळीची वेळ झाली म्हणजे कोणी तरी त्यांस हलवून, अर्धवट जागें करून, पुढची गोळी पाण्याबरोबर देतें. यांत कोणाचा हलगर्जीपणा नसतो. उलट वेळच्या वेळीं औषध देण्यांतच खरी सेवा आहे अशी सर्वांची समजूत असते. तथापि हीच घटका अत्यंत सावधपणाची आहे, ही गोष्ट पुष्कळ सुशिक्षित घरांतूनही ठाऊक नसते. ही झोंप आहे कीं गुंगी, हा प्रश्न त्या क्षणीं कोणी तरी विचारावयास हवा. तो कां विचारावा, हें समजण्यासाठीं यकृत आणि श्वास यांचें नातें पाहिलें पाहिजे. तेंच आज वाचकांपुढें मांडण्याचें आम्हीं योजिलें आहे.

प्रथम हीं औषधें कोणतीं तें पाहूं. अफूच्या वर्गांतील औषधांस डॉक्टर लोक ‘ओपिऑइड’ म्हणतात. मॉर्फीन व कोडीन हीं अफूंतच असतात. ट्रॅमॅडॉल व फेंटॅनिल हीं प्रयोगशाळेंत तयार झालेलीं आहेत. वेदनेची धार बोथट करणें हा या सर्वांचा गुण. आणि श्वास मंद करणें हा सर्वांचा दोष. गुण व दोष हे येथें जुळ्या भावांसारखे आहेत; एकास घरांत घेतलें कीं दुसरा मागोमाग येतोच. दोहोंमध्यें अंतर राखतें ती केवळ मात्रा. परंतु मात्रा म्हणजे काय? बाटलीवर छापलेला आंकडा म्हणजे मात्रा, असें आपण समजतों. वस्तुतः अंगांत त्या घटकेस किती औषध आहे ही खरी मात्रा. आणि ती दोन गोष्टींवर ठरते: किती आंत गेलें आणि किती बाहेर पडलें.

ही गोष्ट ज्यानें मॉर्फीन शोधून काढलें त्यालाच प्रथम अनुभवास आली, हा एक विलक्षण योगायोग होय. जर्मनींतील पाडरबोर्न गांवीं एका औषधविक्याच्या दुकानांत काम करणाऱ्या फ्रीड्रिख सेर्ट्युर्नर नांवाच्या तरुणानें एकोणिसाव्या शतकाच्या प्रारंभीं अफूंतून तिचें मुख्य सत्त्व वेगळें केलें, व पुढें मॉर्फिअस या ग्रीक स्वप्नदेवतेवरून त्यास नांव दिलें. १८१७ सालीं प्रसिद्ध केलेल्या निबंधांत त्यानें स्वतःवर व तीन तरुणांवर केलेला प्रयोग नमूद केला आहे. प्रत्येकानें प्रथम अर्धा ग्रेन, म्हणजे सुमारें तीस मिलिग्रॅम सत्त्व घेतलें. अर्ध्या तासानें पुनः तितकेंच. आणि पाव तासानें आणखी तितकेंच. पाऊण तासांत तीन मात्रा झाल्या. पहिलीचा अंमल पुरता चढला नव्हता तोंच दुसरी आंत गेली व दुसरीच्या पाठीवर तिसरी. सर्वांस अशी ग्लानि आली कीं घाबरून त्यानें तीव्र सिरका पाजून वांती करविली. पहिलें औषध बाहेर पडण्यापूर्वींच पुढचें देणें किती घातक होतें, याचा हा प्रयोगशाळेंतील पहिला धडा म्हणावयास हरकत नाहीं.

हें बाहेर घालविण्याचें काम मुख्यत्वें यकृत करतें. उजव्या बरगड्यांखालीं असलेला हा सुमारें दीड किलो वजनाचा अवयव दर मिनिटास जवळजवळ दीड लिटर रक्त आपल्या अंगांतून जाऊं देतो. हृदयानें फेकलेल्या एकंदर रक्ताचा हा सुमारें चौथा हिस्सा होय. पोटांत घेतलेली गोळी आंतड्यांतून रक्तांत शिरली कीं तें रक्त सर्व शरीरांत जाण्यापूर्वीं एका मोठ्या शिरेनें यकृताकडे येतें. जकातनाक्यावर जसा प्रत्येक गाडीचा माल तपासला जातो, तसाच हा प्रकार. तोंडानें घेतलेल्या मॉर्फीनचा मोठा भाग या पहिल्याच नाक्यावर अडतो. वीस ते चाळीस टक्केच पुढें जातो. म्हणूनच तोंडानें द्यावयाची मात्रा सुईनें द्यावयाच्या मात्रेच्या सुमारें तिप्पट असते. यकृत आजारी असेल तर नाका ढिला पडतो आणि तीच गोळी दुप्पट जोरानें अंगावर येऊं शकते.

यकृत औषधाची विल्हेवाट दोन रीतींनीं लावतें. पहिली रीत जाळण्याची. पेशींतील ‘सायटोक्रोम पी-४५०’ नांवाचे एन्झाइम हें काम करतात. १९६२ सालीं ओमुरा व सातो या जपानी शास्त्रज्ञांनीं हें नांव दिलें. विशिष्ट स्थितींत हा पदार्थ ४५० नॅनोमीटर लांबीच्या प्रकाशलहरी शोषून घेतो, यावरून तें पडलें. हे एन्झाइम श्वासावाटे आलेल्या प्राणवायूच्या रेणूचे दोन तुकडे करतात. एक अणु औषधास चिकटवितात व दुसऱ्याचें पाणी होतें. अर्थात् प्राणवायु नसेल तर हें काम होणेंच शक्य नाहीं. चुलींत लांकडें आहेत, काडीही ओढली; पण वाराच नाहीं, तर जाळ कोठून होणार?

दुसरी रीत जोड लावण्याची. औषधाच्या अंगास शर्करेपासून बनलेलें एक आम्ल जोडलें कीं तें पाण्यांत सहज विरघळतें व मूत्रावाटे किंवा पित्तावाटे बाहेर पडतें. मॉर्फीनची वाट बहुतांशीं हीच आहे. या रीतीस प्राणवायु प्रत्यक्ष लागत नाहीं. परंतु पेशीची शक्ति व सांठविलेली साखर लागते, आणि ती शक्ति निर्माण व्हावयास शेवटीं प्राणवायूच हवा. म्हणून प्राणवायु थोडा कमी झाला तर हें काम कांहीं वेळ टिकतें, जाळण्याचें काम मात्र लवकर ढेपाळतें. प्रयोगशाळेंत वेगळ्या काढून रक्तासारख्या द्रवावर जिवंत ठेवलेल्या उंदरांच्या यकृतांत प्राणवायूचा पुरवठा कमी करतांच प्रोप्रॅनोलॉल हें औषध बाहेर काढण्याचें काम एकदम घटलें, असें दिसून आलेलें आहे. प्रोप्रॅनोलॉल हें मुख्यतः जाळून नाहींसें होणारें औषध होय.

यकृताच्या रचनेंतच या दुर्बलतेचें एक कारण आहे. त्यास येणाऱ्या रक्तापैकीं सुमारें तीन चतुर्थांश रक्त आंतड्यांकडून येतें, म्हणजे त्यांतील कांहीं प्राणवायु आधींच खर्च झालेला असतो. ताजें रक्त घेऊन येणारी रोहिणी उरलेला चौथा हिस्सा पुरविते. हें एकत्र झालेलें रक्त यकृताच्या सूक्ष्म खंडिकांच्या कडेनें आंत शिरतें आणि मध्यावरील शिरेकडे वाहत जातें. वाटेंतील पेशी आपापला वाटा उचलतात. त्यामुळें मध्याशीं पोहोंचेपर्यंत प्राणवायूचा दाब जवळजवळ निम्म्यावर येतो. आणि औषध जाळणारे एन्झाइम अधिकांत अधिक कोठें असतात म्हणाल, तर याच मध्यभागाच्या पेशींत! कालव्याच्या पाटावर शेवटचें शेत ज्याचें, त्याची स्थिति आमच्या शेतकरी वाचकांस सांगावयास नको. पाणी भरपूर असतां त्याचेंही भिजतें. पाणी कमी झालें कीं पहिला कोरडा पडतो तोच. प्राणवायु फारच घटला व तसाच घटलेला राहिला, तर या मध्यभागाच्या पेशी मरूंही लागतात, व रक्तांतील यकृताचे एन्झाइम हजारांच्या आंकड्यांत चढतात. अतिदक्षता विभागांतील डॉक्टरांस हा विकार परिचित आहे.

आतां या चित्रांत अफूवर्गांतील औषध घालून पाहूं. मेंदूच्या देठाशीं श्वासाचें नियंत्रण करणारें एक केंद्र आहे. रक्तांत कार्बन डायऑक्साइड वाढला कीं तें केंद्र छातीस श्वास घेण्याची आज्ञा देतें. अफूच्या अंमलाखालीं हें केंद्र पेंगुळतें. वायु वाढला तरी त्यास जाग येत नाहीं. श्वास उथळ व विरळ होतो, रक्तांतील प्राणवायु उतरतो. तो उतरला कीं पाटाच्या शेवटचें शेत, म्हणजे औषध जाळणारा यकृताचा भाग, कोरडा पडूं लागतो. औषध जाण्याचें मंदावतें; जें गेलें नाहीं तें श्वास आणखी मंद करतें. ज्या दारानें पाहुण्यानें जावयाचें तेंच दार तो आंतून लावून घेतो, अशांतला हा प्रकार आहे.

हें चक्र सर्व औषधांत सारख्याच वेगानें फिरतें असें मात्र कोणीं समजूं नये. निरोगी यकृताच्या माणसास योग्य मात्रेंत दिलेलें मॉर्फीन दोनतीन तासांत निम्म्यावर येतें, व प्राणवायु किंचित् घटल्यानें त्यांत मोठा फरक पडत नाहीं. मॉर्फीनच्या बाबतींत यकृतांतून किती रक्त वाहतें यास अधिक महत्त्व आहे. हृदय दुबळें असेल, अंगांतील पाणी आटलें असेल किंवा रक्तदाब उतरला असेल, तर तो प्रवाहच रोडावतो. वृद्धपणीं तर यकृताचें आकारमान व त्यांतील रक्तप्रवाह हे दोन्ही घटलेले असतात. शिवाय यकृतानें जोड लावलेल्या मॉर्फीनचा एक प्रकार स्वतः अंमल करणारा असून तो मूत्रपिंडांनीं बाहेर टाकावा लागतो. मूत्रपिंडें थकलेलीं असतील तर तो सांचत जातो. फेंटॅनिल हें जाळण्याच्या वाटेनें जाणारें आहे. आणि विशेष लक्षांत ठेवण्याजोगी गोष्ट ही कीं, आजीबाईंस झोंपेसाठीं म्हणून जी अल्प्राझोलाम किंवा डायझेपामची गोळी दिली जाते तीही याच प्राणवायूच्या चुलीवर जळावयाची असते. श्वास मंदावला कीं तीही रेंगाळते, व दोन्ही औषधें मिळून श्वासावर बसतात. या दोन वर्गांतील औषधें एकत्र देण्याविरुद्ध अमेरिकेच्या औषध-नियंत्रण खात्यानें २०१६ सालीं अत्यंत कडक इशारा छापावयास लावला, तो उगीच नव्हे. मद्यासही हाच न्याय लागू आहे.

अफूचा यकृतावर आणखी एका वाटेनें परिणाम होतो. पित्तनलिका आंतड्यास जेथें मिळते तेथें एक लहानसें स्नायूचें द्वार असून १८८७ सालीं रुज्जेरो ओद्दी या इटालियन विद्यार्थ्यानें त्याचें वर्णन केलें. मॉर्फीन व कोडीन यांनीं हें द्वार आखडतें आणि मागें पित्ताचा दाब वाढतो. ज्यांचा पित्ताशय काढून टाकलेला आहे अशा कांहीं रोग्यांस कोडीनच्या गोळीनंतर पोटांत असह्य कळ येते व रक्तांतील यकृताचे एन्झाइम तात्पुरते चढतात, तें यामुळेंच. पूर्वीं यकृताची परीक्षा करण्यासाठीं ब्रोमसल्फॅलीन नांवाचा रंग शिरेंतून देऊन तो पाऊण तासानंतर रक्तांत किती उरला हें पाहत असत. निरोगी माणसांत तो पांच टक्क्यांहून कमी उरे. मॉर्फीन दिलेल्या उंदरांत हाच रंग रक्तांत अधिक काळ रेंगाळतांना आढळला. यांत आखडलेल्या पित्तद्वाराचा वाटा किती व मंदावलेल्या श्वासाचा किती, हें ठरविण्यासाठीं प्राण्याचा श्वास वेगळा सांभाळूनच प्रयोग करावे लागतात. बिछान्यावरच्या रोग्यांत अर्थातच दोन्ही वाटा एकत्र असतात.

यकृत केवळ औषध घालवितें असेंही नाहीं. केव्हां केव्हां तेंच औषध तयार करतें. कोडीन स्वतः फारसें वेदनाशामक नाहीं. यकृत त्याच्या लहानशा हिश्श्याचें मॉर्फीन बनवितें तेव्हां गुण येतो. कांहीं माणसांत जन्मतःच हें काम फार झपाट्यानें होतें. टॉन्सिल काढलेल्या लहान मुलांपैकीं, ज्यांस झोंपेंत श्वास अडण्याची खोड होती व प्राणवायु आधींच कमी पडत होता, अशीं कांहीं मुलें कोडीननें दगावलीं. तेव्हां २०१३ सालीं अमेरिकेंत त्याविरुद्ध इशारा देण्यांत आला आणि २०१७ सालीं बारा वर्षांखालील मुलांस तें वर्ज्य ठरलें. मोठ्या माणसाच्या खोकल्याचें उरलेलें औषध चमचाभर मुलास पाजण्याची संवय ज्या घरीं असेल, त्यांनीं बाटलीवरील घटक अवश्य वाचावे.

हा विषय आपणांस अगदींच परका आहे असें नाहीं. मुंबईच्या गिरणी-वस्तींत एके काळीं कामावर जाणाऱ्या आया तान्ह्या मुलांस अफूची ‘बाळागोळी’ देऊन निजवीत. मूल रडत नसे, हाच तिचा गुण मानला जाई. नवजात बालकाचें यकृत जोड लावण्याचें काम पुरतें शिकलेलें नसतें. मॉर्फीन त्याच्या अंगांत प्रौढाहून कितीतरी अधिक वेळ राहतें. दिवसाकाठीं एकेक गोळी म्हणजे शिल्लकेवर शिल्लक. त्या आयांस दोष देण्याचा अधिकार आम्हांस नाहीं. पोटासाठीं बाहेर पडणाऱ्या त्या स्त्रियांस दुसरा उपायच नव्हता. परंतु गप्प पडून राहणें म्हणजे बरें असणें नव्हे, हा धडा मात्र त्यांतून घेण्याजोगा आहे.

येथें एक उलट बाजूही सांगितली पाहिजे, नाहीं तर आमच्या लेखानें अनर्थ व्हावयाचा. कर्करोगानें तळमळणाऱ्या माणसास मॉर्फीनसारखें दुसरें वरदान नाहीं. जागतिक आरोग्य संघटनेनें १९७७ सालीं अत्यावश्यक औषधांची पहिली यादी केली तींतच मॉर्फीन होतें. आपल्या देशांत १९८५ च्या अमली पदार्थांच्या कायद्यामुळें तें मिळणें इतकें बिकट झालें कीं असंख्य रोगी त्यावांचून वेदना सोशीत गेले; २०१४ सालीं दुरुस्ती होऊन वैद्यकीय उपयोगाची वाट थोडी सुकर झाली. मात्रा हळूहळू वाढवीत नेली, रोग्याकडे लक्ष ठेवलें, तर हें औषध महिनोन्‌महिने सुरक्षितपणें देतां येतें. तेव्हां भीतीनें गोळी दडवून ठेवणें व आपल्या माणसास कण्हत ठेवणें हाही अपराधच होय. पाहिजे ती भीति नव्हे, नजर.

ही नजर कशी ठेवावी? एकत्र कुटुंबांत पहिला नियम असा असावा कीं गोळी देण्याचें काम एकाच व्यक्तीकडे असावें. थोरल्या सूनबाई देऊन जातात व धाकट्या सूनबाईंस तें ठाऊक नसतें, असें झालें कीं सेवेच्या उत्साहांत मात्रा दुप्पट होते. उशाशीं एक वही ठेवून गोळीचें नांव, वेळ व त्या वेळचा श्वास हें लिहीत जावें. श्वास मोजणें अवघड नाहीं. रोग्यास न सांगतां छातीचें वरखालीं होणें पुरतें एक मिनिट मोजावें. स्वस्थ पडलेल्या प्रौढ माणसाचा श्वास मिनिटास साधारणतः बारा ते वीस वेळां चालतो. तो दहाच्या खालीं उतरला असेल, किंवा रोगी बोलतां बोलतां पेंगत असेल, तर पुढची गोळी न देतां डॉक्टरांस विचारावें. हांक मारून व खांदा हलवूनही नीट जाग येत नसेल, घशांतून घरघर येत असेल, ओंठ वा नखें निळसर दिसत असतील, डोळ्यांच्या बाहुल्या टांचणीच्या टोंकाएवढ्या झाल्या असतील, तर ती झोंप नव्हे. तेव्हां विलंब न लावतां १०८ वर रुग्णवाहिका बोलवावी, श्वास चालू असल्यास रोग्यास कुशीवर वळवावें, आणि श्वास थांबला असल्यास फोनवरील माणूस सांगेल त्याप्रमाणें कृत्रिम श्वास द्यावा.

२०२० च्या करोनाच्या सांथींत बोटास लावावयाचें प्राणवायुमापक यंत्र पुष्कळ घरीं आलें. तें उपयोगी आहे. परंतु रोग्यास नळीनें प्राणवायु चालू असेल तर आंकडा चांगला दिसूनही श्वास मंद पडलेला असूं शकतो. म्हणून यंत्रावर विसंबून मिनिटभर छातीकडे पाहणें सोडूं नये. दवाखान्यांत अशा रोग्यास नॅलोक्सोन नांवाचा उतारा देतात. तो मिनिटांत गुण देतो. पण त्याचा अंमल बहुधा अर्ध्या ते दीड तासांत ओसरतो, आणि मूळ औषध मात्र यकृत घालवील त्याच वेगानें जावयाचें असतें. त्यामुळें रोगी शुद्धीवर आला म्हणून लागलीच घरीं आणण्याची घाई करूं नये. तसेंच दमा, झोंपेंत श्वास अडणें, यकृताचा किंवा मूत्रपिंडाचा विकार असेल, अथवा झोंपेची गोळी चालू असेल, तर तें डॉक्टरांस आपण होऊन सांगावें. फुप्फुसांत नवीन न्यूमोनिया झाला, तर कालपर्यंत सोसलेली मात्राही आज जड जाऊं शकते. कारण गोळी तीच असली तरी ती घालविणारें यकृत आज तेंच राहिलेलें नसतें.

आतां पुनः आजीबाईंच्या उशाशीं येऊं. गोळीची वेळ झाली आहे, त्या गाढ निजल्या आहेत. घरांतील मुलीनें दिवा लावून त्यांच्या छातीकडे मिनिटभर पाहिलें, हलकेच “आजी” म्हणून हांक मारली, त्यांनीं डोळे उघडून “कोण ग? पाणी दे थोडें” म्हटलें, तर गोळी द्यावी व सुखानें निजावें. हांकेस ओ मिळाली नाहीं, तर गोळी बाजूस ठेवून घर जागें करावें. एवढी एक मिनिटाची संवय लागली, तर पुष्कळ घरांतील एक टाळतां येण्याजोगें दुःख टळेल, अशी आमची खात्री आहे.